रकाना सातवा

तिसऱ्या मजल्यावर आशिया आहे.
जिना संपला की डावीकडं ब्रह्मदेश,
खिडकीपाशी जपान, देणगीतल्या पेट्यांत
अजून खिळे ठोकलेलाच,
आणि छत गळतं म्हणून कपाटं जिथं पुढं ओढलीत
तिथं आम्ही:
'स्थानिक, किरकोळ'.

हमरस्त्यानं कोल्हापूरला जाणारा प्रत्येक ट्रक
आमच्या काचांना सांगून जातो.

मी कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी नवा होतो.
वही उघडायची, मऊ ब्रशनं झाडायची,
पानं मोजायची, तेरा रकाने भरायचे.
सातवा रकाना: भाषा.
एकच निवडा.

आज आलेली वही वडगावची,
भावकाण्णा हावळ, विणकर, मागाची जमाखर्ची.
लांबट, डोक्याकडं शिवलेली,
वाळवीनं कडेकडेनं चाखून सोडलेली.
मजकूर मराठी, मोडीत.
आकडे कानडी.
बुडव्यांना घातलेल्या शिव्या अस्सल उर्दू
आणि त्या कानडी अक्षरांत,
बहुधा घरात मोडी वाचणारं कुणी असावं म्हणून.
समासाला टाचणीनं टोचलेला एक हळदी धागा.
टाचणी गंजली, धागा तसाच.

ज्या दिवशी जिल्हा एका राज्यातून
दुसऱ्या राज्यात गेला,
त्या तारखेचं पान मी आधी शोधलं.
सगळेच शोधतात.
लिहिलंय:
सूत आले नाही. दिवाळीचे गिऱ्हाईक परत.
खाली कानडी तीन, कानडी शून्य,
आणि बेरीज चुकलेली.

सातवा रकाना मी कोरा ठेवला.
यंत्र म्हणालं, चालणार नाही.
'अनिश्चित' लिहिलं. यंत्र लाल झालं.

शिवलीला मॅडम चष्मा कपाळावर ढकलून आल्या,
हुक्केरीच्या, माझ्याशी मराठी बोलतात
आणि चिडल्या की स्वतःशी कानडी.
एका शब्दावर बोट ठेवून म्हणाल्या, हे काय?
काठ, म्हटलं. लुगड्याचा.
"आमच्यात दडी म्हणतात."
आमच्यात दडी म्हणजे लपणं, मी म्हणालो.
त्या हसल्या नाहीत. बराच वेळ
त्या एका शब्दाकडंच बघत राहिल्या,
जणू आत कुणीतरी
श्वास रोखून बसलंय.

दुपारी भावकाण्णाचा नातू आला,
प्रज्वल, गाड्यांच्या शोरूममध्ये कामाला.
वही त्यानंच दिलेली, माळ्यावरून काढून,
पण वाचता येईना त्याला तीनातली एकही लिपी.
'आजोबांचं येणं काय राहिलंय बघा की जरा.'
बघितलं. शेवटच्या पानावर:
शेट्टर यांजकडे लुगडी दोन, येणे साडेअकरा रुपये.
पुढं एक शिवी. ती मी गाळली.
'व्याज धरून मिळतील काय?' म्हणाला, आणि
आपल्याच विनोदावर एकटाच हसला.

मॅडमनी पेन खाली ठेवलं.
"माझं माहेर शेट्टर."
मग लगेच,
"शेट्टर काय, गल्लीगल्लीत आहेत."
मग शिपाई मेहबूबला हाक मारून तीन चहा,
आणि डब्यातली चकली त्याच्याकडं सरकवली,
एक, मग आणखी एक.
तो नको नको म्हणत होता.
"इरली बिड्री," त्या म्हणाल्या,
राहू दे हो,
आणि हे मात्र त्याला
न सांगताच कळलं.

तो गेला. पाच वाजले.
ओल शोषणाऱ्या यंत्राची बादली भरलेली,
जपानची, ब्रह्मदेशची, आमची
दिवसभराची एकत्र दमट हवा
पाणी होऊन.
ती मी रोज जिन्यातल्या तुळशीला घालतो.
आज निम्मी घातली, निम्मी सांडली.

पडद्यावर सातवा रकाना
अजून लुकलुकतोय.
मी यंत्र बंद केलं नाही.
रात्रीच्या वॉचमनला सांगून आलो,
असू दे चालू,
वहीचं काम अजून संपलेलं नाही.